पहिल्या रविवारच्या पहाटे अडकणारे व्हर्च्युअल मशीन : बॅकअपमधील एका आवर्ती दोषाचे निवारण

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत वाहनांचे सुटे भाग बनवणारा एक मध्यम आकाराचा कारखाना आहे आणि त्याच्या सर्व्हरची देखभाल माझ्याकडे आहे. तेथे एकाच होस्टवर, म्हणजे प्रत्यक्ष संगणकावर, प्रॉक्समॉक्स या प्रणालीखाली पाच व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभे केलेले स्वतंत्र संगणक; त्यांनाच गेस्ट म्हणतात) चालतात. त्यांपैकी एक विंडोज सर्व्हरचे असून त्यावर ईआरपी (कारखान्याचे उत्पादन, साठा आणि चलने सांभाळणारी प्रणाली) आणि त्याचा एसक्यूएल सर्व्हरमधील डेटाबेस आहे. उरलेली चार लिनक्सची असून हजेरी, फाइल सर्व्हर अशा कामांसाठी आहेत. रोज रात्री एक वाजता या सर्व मशीनचा बॅकअप, ती चालू असतानाच, शेजारच्या इमारतीतील स्टोरेज सर्व्हरवर एनएफएसमार्गे, म्हणजे नेटवर्कवरून फाइली लिहिण्याच्या पद्धतीने, जातो. ही व्यवस्था जवळजवळ सगळा महिना बिनतक्रार चालत असे आणि मग एखाद्या रात्री दीडच्या सुमारास ईआरपीचे मशीन अडकत असे. पडद्यावर माउसचा बाण हलत असे, परंतु एकही खिडकी उघडत नसे, नव्याने लॉगिन होत नसे आणि छपाईला टाकलेले जॉबकार्ड बाहेर येत नसे.

त्या वेळी कारखान्यात तिसरी पाळी चालू असते. चाकणला जाणारी मालाची गाडी सिन्नर-संगमनेरमार्गे सकाळच्या पाळीपर्यंत पोहोचवायची असल्यामुळे ती पहाटे तीनच्या आत गेटबाहेर पडावी लागते, आणि चलन व ई-वे बिल ईआरपीतून निघाल्याशिवाय गेटवरचा सुरक्षारक्षक गाडी सोडत नाही. रात्रपाळीच्या सुपरवायझरचा फोन येई तो नेहमी एकाच वाक्याने सुरू होई : “सर, सिस्टीम परत अडकली, गाडी गेटवर उभी आहे.” मग कोणीतरी होस्टच्या पडद्यावरून ते मशीन जबरदस्तीने बंद करी, ते पुन्हा चालू होताना ‘बॅकअपमुळे लॉक आहे’ असा संदेश येई, लॉक काढला जाई, आणि डेटाबेस स्वतःची जुळवाजुळव पूर्ण करून उघडेपर्यंत आणखी पंचवीस मिनिटे जात.

सलग तीन वेळा असे घडेपर्यंत आम्ही चुकीच्या जागी शोध घेत होतो. अँटिव्हायरसचे रात्रीचे स्कॅन बंद केले, विंडोजच्या अपडेटची वेळ बदलली, मशीनची रॅम १६ जीबीवरून ३२ जीबी केली, आणि शेवटी होस्टमध्ये एनव्हीएमई या अतिवेगवान डिस्क घातल्या. हे सगळे अडकलेल्या मशीनकडे पाहून केलेले उपाय होते, आणि त्यांपैकी कशानेही फरक पडला नाही. एनव्हीएमईवरचा खर्च मोठा होता, म्हणून तो का वाया गेला हे समजून घेणे मला सर्वांत आवश्यक वाटले. त्यासाठी चालू मशीनचा बॅकअप आतून कसा चालतो, हे आधी नीट मांडावे लागेल.

चालू मशीनच्या डिस्कची फाइल नुसती कॉपी करून चालत नाही. २५० जीबीची फाइल कॉपी व्हायला एक तास लागत असेल, तर तिचा आरंभ एक वाजताचा आणि शेवट दोन वाजताचा असतो. डेटाबेसची मुख्य फाइल डिस्कच्या सुरुवातीला आणि तिचा ट्रान्झॅक्शन लॉग (बदलांची नोंदवही) शेवटाकडे असेल, तर कॉपीमध्ये दोन वेगवेगळ्या क्षणांचे तुकडे एकत्र येतात आणि असा डेटाबेस बहुधा उघडतच नाही. सातपूरमधील एका वर्कशॉपमध्ये क्यूकाऊ२ फाइल, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या डिस्कची फाइल, रोज रात्री कॉपी करणारी स्क्रिप्ट दोन वर्षे चालू असलेली मी पाहिली आहे. त्या फाइलींचा आकार बरोबर होता, तारखा बरोबर होत्या, आणि त्यांतील एकही रिस्टोअर करून पाहिलेली नव्हती. करून पाहिल्यावर सातांपैकी दोनच उघडल्या.

प्रॉक्समॉक्स ही अडचण केमूच्या, म्हणजे व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, स्वतःच्या बॅकअप यंत्रणेने सोडवतो. त्याच्या सेटिंगमध्ये या पद्धतीचे नाव ‘स्नॅपशॉट’ असे दिसते, परंतु व्हर्च्युअल मशीनच्या बाबतीत स्टोरेजवर खरोखर स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची स्थिर प्रत, घेतला जात नाही, आणि हा शब्द अनेकांची दिशाभूल करतो. प्रत्यक्षात होते ते असे : बॅकअप सुरू झाला त्या क्षणी डिस्क जशी होती तशीच ती बॅकअपमध्ये जावी, यासाठी केमू डिस्क क्रमाने वाचत पुढे सरकतो, आणि दरम्यान गेस्टने एखाद्या अशा भागावर लिहायला घेतले की ज्याची अजून नक्कल झालेली नाही, तर केमू ते लेखन क्षणभर रोखून धरतो, त्या भागातील जुना मजकूर आधी बॅकअपकडे पाठवतो आणि मगच गेस्टला लिहू देतो. रोखण्याचा हा काळ सामान्यतः इतका अल्प असतो की कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु जुना मजकूर ज्या स्टोरेजकडे जायचा आहे ते स्टोरेजच मंदावले, तर गेस्टचे प्रत्येक नवे लेखन त्या मंद स्टोरेजची वाट पाहत थांबते. होस्टची डिस्क कितीही वेगवान असली तरी या काळात गेस्टच्या लेखनाचा वेग बॅकअपच्या टोकाला असलेल्या स्टोरेजच्या वेगाशी बांधला जातो. एनव्हीएमई डिस्कने काही फरक पडला नाही, त्याचे कारण हेच.

येथे आणखी एक बारकावा आहे. साध्या फाइलीत जाणाऱ्या बॅकअपमध्ये हे भाग ६४ केबीचे असतात, तर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर वापरत असल्यास ते ४ एमबीचे असतात. एसक्यूएल सर्व्हरचे एक पान, म्हणजे त्याच्या लेखनाचे एकक, ८ केबीचे असते. म्हणजे एका पानाच्या लेखनासाठी त्याच्या आठपट, किंवा दुसऱ्या व्यवस्थेत पाचशे बारापट, जुना मजकूर आधी हलवावा लागू शकतो. ज्या मशीनवर डिस्कभर विखुरलेले लहान लेखन सतत चालते, म्हणजे जवळजवळ प्रत्येक डेटाबेसवर, त्याला याचा त्रास सर्वाधिक होतो.

तारखांत काही नव्हते, वारांत होते

मशीन अडकल्याच्या तीन रात्रींच्या नोंदी मी समोर ठेवल्या : ७ जुलै, ४ ऑगस्ट आणि १ सप्टेंबर २०२४. सात, चार, एक या आकड्यांत समान काहीच दिसत नव्हते, आणि म्हणूनच ‘कधीतरी होते’ अशी सर्वांची समजूत झाली होती. वार पाहिले तेव्हा तिन्ही रविवार निघाले, आणि तिन्ही त्या त्या महिन्याचे पहिले रविवार.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी होणारे काम होस्टवर शोधले. तेथे काही सापडले नाही. विंडोजच्या टास्क शेड्यूलरमध्ये आणि एसक्यूएल सर्व्हर एजंटमध्येही सापडले नाही. ते सापडले तिसऱ्याच जागी, बॅकअप घेणाऱ्या स्टोरेज सर्व्हरवर, ज्याच्याकडे ‘त्यावर तर फक्त फाइली पडतात’ म्हणून कोणी पाहिले नव्हते. तो डेबियन या लिनक्सच्या प्रकारावर चालतो आणि त्यात प्रत्येकी ४ टीबीच्या चार फिरत्या डिस्कचा सॉफ्टवेअर रेड-५ (एक डिस्क निकामी झाली तरी माहिती टिकवणारी डिस्कची जोडणी) आहे. डेबियनच्या, रेड सांभाळणाऱ्या एमडीएडीएम पॅकेजसोबत एक क्रॉन नोंद, म्हणजे ठरलेल्या वेळी काम चालवण्याची नोंद, आपोआप येते. ती दर रविवारी मध्यरात्रीनंतर १२ वाजून ५७ मिनिटांनी जागी होते, त्या दिवसाची तारीख ७ किंवा त्याहून कमी आहे का हे पाहते, आणि असल्यास सर्व रेडची पूर्ण तपासणी सुरू करते. आमचा बॅकअप एक वाजता सुरू होत होता. दोहोंत अंतर तीन मिनिटांचे होते.

ही नोंद चुकीची नाही. रेडमधील सर्व डिस्क महिन्यातून एकदा टोकापासून टोकापर्यंत वाचल्या गेल्याच पाहिजेत. एखाद्या डिस्कवरील खराब झालेला भाग, दुसरी डिस्क निकामी होण्याच्या आधीच कळावा, हा तिचा हेतू आहे, आणि ती बंद करून टाकण्याचा सल्ला जे देतात त्यांच्याशी मी सहमत नाही. प्रश्न वाराचा आहे. रविवारची पहाट म्हणजे कामाची सर्वांत शांत वेळ, असे गृहीत धरून ही नोंद बनवलेली आहे. आमच्या कारखान्याची साप्ताहिक सुटी मात्र शुक्रवारी रात्री सुरू होते आणि शनिवारी रात्री ११ वाजता तिसऱ्या पाळीनेच नवा आठवडा सुरू होतो. त्या पाळीच्या पहिल्या दोन-तीन तासांत आठवडाभराची जॉबकार्डे निघतात, स्टोअरमधील शिल्लक पुढे ओढली जाते, नव्या उत्पादन आराखड्याच्या नोंदी पडतात. थोडक्यात, डेटाबेसवर आठवड्यातले सर्वांत जास्त लेखन ज्या वेळी होते, नेमक्या त्याच वेळी बॅकअपच्या टोकाचे स्टोरेज दिवसभराच्या तपासणीला बसत होते.

लॉग पाहण्याची सवय असती तर हे पहिल्याच महिन्यात कळले असते. बॅकअपच्या लॉगमध्ये प्रत्येक टप्प्यासमोर वाचनाचा आणि लेखनाचा वेग छापलेला असतो. एरवीच्या रात्री तो सेकंदाला ७० एमबीच्या आसपास होता, म्हणजे ईआरपीच्या २५० जीबीला सुमारे एक तास. १ सप्टेंबरच्या लॉगमध्ये पहिली दोन मिनिटे तोच वेग होता, मग २०, मग ९, आणि शेवटी सेकंदाला ६ एमबी. त्या वेगाने तोच बॅकअप पूर्ण व्हायला साडेअकरा तासांहून अधिक लागले असते. ज्यांच्याकडे असाच दोष असेल त्यांनी सर्वप्रथम चांगल्या रात्रीचा आणि वाईट रात्रीचा असे दोन लॉग शेजारीशेजारी उघडून फक्त हा वेगाचा स्तंभ खालपर्यंत वाचावा. वेग अचानक पडलेला दिसला तर गेस्टमध्ये शोध घेण्याचे कारण उरत नाही.

गेस्टच्या आत उमटणाऱ्या खुणाही ओळखता येतात. विंडोजच्या सिस्टीम लॉगमध्ये व्हर्टआयओ या, गेस्टला होस्टशी जोडणाऱ्या, ड्रायव्हरच्या नावे १२९ क्रमांकाची नोंद दिसते. डिस्कने उत्तर दिले नाही म्हणून तिला रीसेट केले, असा तिचा अर्थ असतो. एसक्यूएल सर्व्हरच्या लॉगमध्ये ८३३ क्रमांकाचा संदेश येतो, डिस्कच्या काही मागण्यांना १५ सेकंदांहून जास्त वेळ लागला असे तो सांगतो. लिनक्स गेस्टमध्ये एखादी प्रक्रिया १२० सेकंदांहून अधिक काळ अडून आहे, असा कर्नलचा इशारा दिसतो. या तिन्ही खुणांचे वाचन करून लोक ‘डिस्क खराब झाली’ असा निष्कर्ष काढतात आणि चांगल्या डिस्क बदलतात. त्याच वेळी सीपीयूचा आलेख सपाट असेल आणि बॅकअप चालू असेल, तर डिस्क खराब नसून ती कोणासाठी तरी थांबलेली आहे, असे समजावे.

शनिवारी दुपारी केलेली चाचणी

अनुमान कितीही पटणारे असले तरी दोष मुद्दाम घडवून आणल्याशिवाय तो सापडला असे मी मानत नाही. सप्टेंबरच्या पुढच्या शनिवारी कारखाना बंद असताना आम्ही ईआरपीवर चाचणीच्या नोंदी टाकणारा एक प्रोग्राम चालू ठेवला, बॅकअप हाताने सुरू केला आणि तो ७० च्या वेगाने धावत असल्याची खात्री केली. मग स्टोरेज सर्व्हरवर रेडच्या ‘सिंक अ‍ॅक्शन’ या फाइलमध्ये ‘चेक’ हा शब्द लिहिला, म्हणजे पहिल्या रविवारी क्रॉन जे करतो तेच हाताने केले. चौथ्या मिनिटाला बॅकअपचा वेग एकेरी आकड्यावर आला. अकराव्या मिनिटाला ८३३ क्रमांकाचा पहिला संदेश उमटला, आणि त्यानंतर थोड्याच वेळात नोंदी टाकणारा प्रोग्राम जागच्या जागी थांबला. रिमोट डेस्कटॉपवर माउसचा बाण तेवढा हलत होता. त्याच फाइलमध्ये ‘आयडल’ लिहून तपासणी थांबवली, आणि पाच-सहा सेकंदांत अडलेल्या नोंदींचा लोंढा पडद्यावरून सरकू लागला. मशीनला कोणी हातही लावला नव्हता.

या चाचणीतून आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली, जी रात्री फोन आल्यावर उपयोगी पडते. अडकलेले मशीन जबरदस्तीने बंद करण्याची गरज नसते. चालू असलेला बॅकअप रद्द केला, की जुना मजकूर पाठवण्याची अट संपते आणि गेस्टची रोखलेली लेखने सुटतात. दरवेळी मशीन बंद करून आम्ही डेटाबेसला विनाकारण धोक्यात घालत होतो. फक्त एका परिस्थितीत बॅकअप रद्दही होत नाही : एनएफएसचा माउंट डीफॉल्टने ‘हार्ड’ असतो, म्हणजे टोकाकडून उत्तर येईपर्यंत लिहिणारी प्रक्रिया थांबूनच राहते, आणि स्टोरेज सर्व्हर पूर्णपणे नाहीसा झाला असेल तर रद्द करण्याची आज्ञाही त्या रांगेत अडकते. तेव्हा आधी स्टोरेज सर्व्हर किंवा त्याची नेटवर्कची केबल जाग्यावर आणावी लागते.

लॉक काढण्याबाबतही सावधगिरी हवी. ‘बॅकअपमुळे लॉक’ हा संदेश दिसताच क्यूएम अनलॉक ही आज्ञा देण्याची घाई करू नये. आधी टास्कच्या यादीत बॅकअपची प्रक्रिया अजून जिवंत आहे का ते पाहावे. ती जिवंत असताना लॉक काढणे म्हणजे एकाच मशीनवर दोन कामांना एकाच वेळी वाट मोकळी करून देणे होय. प्रक्रिया खरोखर संपलेली असेल आणि लॉक मागे उरलेला असेल, तरच तो काढावा.

प्रत्यक्ष केलेले बदल

पहिला बदल क्रॉन नोंदीचा. रविवारऐवजी शनिवारी सकाळी ७ वाजता, आणि तारखेची अट तशीच, असे ठरवले. आमच्या रेडला मोकळ्या वेळेत तपासणीसाठी सुमारे साडेआठ तास लागतात, म्हणजे ती दुपारी साडेतीनपर्यंत संपते आणि रात्री ११ च्या पाळीला भरपूर अवकाश राहतो. पॅकेजचे अपडेट झाल्यावर ही नोंद मूळ रूपात परत येऊ नये, यासाठी अपडेटच्या वेळी विचारला जाणारा ‘तुमची फाइल ठेवायची की नवी घ्यायची’ हा प्रश्न नीट वाचून उत्तर द्यावे. ज्या डेबियनवर झेडएफएस ही फाइल-सिस्टीम आहे तेथे अशीच स्क्रबची, म्हणजे पूर्ण तपासणीची, नोंद महिन्याच्या दुसऱ्या रविवारी रात्री १२ वाजून २४ मिनिटांची असते, त्यामुळे त्यांचा दोष एका आठवड्याने पुढे दिसेल. नव्या व्यवस्थांत ही कामे क्रॉनऐवजी सिस्टमडी या लिनक्समधील दुसऱ्या यंत्रणेच्या टायमरमध्येही असू शकतात. दोन्ही याद्या पाहाव्यात.

एवढ्याने आमचा दोष थांबला असता, पण मला ते पुरेसे वाटले नाही, कारण स्टोरेज मंदावण्याचे तपासणी हे एकच कारण नाही. एखादी डिस्क बदलल्यावर रेडची पुनर्बांधणी चालू असेल, स्विचचे पोर्ट १ गिगाबिटवरून १०० मेगाबिटवर घसरले असेल, स्टोरेज जवळजवळ भरले असेल, तरी गेस्टवर तोच परिणाम होईल. म्हणून दुसरा बदल मूळ यंत्रणेत केला. प्रॉक्समॉक्सच्या ८.२ या, एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या, आवृत्तीपासून बॅकअपसाठी ‘फ्लीसिंग’ची सोय आहे. ती चालू केल्यावर गेस्टच्या लेखनाआधी हलवायचा जुना मजकूर दूरच्या स्टोरेजकडे न जाता होस्टवरच्याच वेगवान डिस्कवरील एका तात्पुरत्या फाइलमध्ये जातो आणि बॅकअप तो तेथून सवडीने उचलतो. गेस्टला मग फक्त स्थानिक डिस्कची वाट पाहावी लागते. वाया गेलेली वाटलेली एनव्हीएमई डिस्क या कामी शेवटी उपयोगी पडली, याचे मला मनापासून समाधान आहे.

फ्लीसिंगसाठी जागा लागते, हे विसरू नये. बॅकअप चालू असताना गेस्टने डिस्कचा जितका भाग नव्याने लिहिला तितकी ती फाइल वाढते, आणि तत्त्वतः मूळ डिस्कइतकीही होऊ शकते. म्हणून जागा गरजेनुसार वापरणारे आणि रिकामी झालेली परत देणारे स्टोरेज निवडावे. बॅकअपच्या मध्येच होस्ट बंद पडला तर ही तात्पुरती फाइल मागे उरू शकते, तेव्हा ती अधूनमधून पाहून काढून टाकावी.

बॅकअपच्या वेगाला मर्यादा घालणे हा उपाय अनेक ठिकाणी सुचवला जातो. होस्टची डिस्क किंवा नेटवर्क बॅकअपने भरून जात असेल तर तो योग्य आहे. आमच्यासारख्या दोषात मात्र त्याने नुकसानच होते, कारण मर्यादा क्रमाने होणाऱ्या वाचनाला लागते, गेस्टच्या लेखनाआधीची नक्कल तशीच राहते, आणि बॅकअप जितका लांबतो तितका काळ गेस्ट त्या अटीखाली काढतो.

प्रॉक्समॉक्स न वापरता थेट केव्हीएम आणि लिबव्हर्ट ही लिनक्सवर व्हर्च्युअल मशीन चालवण्याची साधने वापरणाऱ्यांची स्थिती थोडी वेगळी आहे. ते बहुधा बाह्य स्नॅपशॉट घेतात : गेस्टचे नवे लेखन एका वेगळ्या फाइलमध्ये वळवले जाते, स्थिर झालेली मूळ फाइल कॉपी केली जाते आणि नंतर ब्लॉक-कमिटने नवे लेखन मूळ फाइलमध्ये परत मिसळले जाते. येथे गेस्ट दूरच्या स्टोरेजसाठी थांबत नाही, परंतु शेवटचे मिसळणे एखाद्या रात्री फसले आणि स्क्रिप्टने ते तपासले नाही, तर दुसऱ्या रात्री त्या फाइलीवर आणखी एक फाइल चढते. मी एके ठिकाणी एकामागे एक अशा अकरा फाइलींची साखळी पाहिली आहे, आणि स्क्रिप्ट मात्र रोज मूळ, म्हणजे अकरा दिवस जुनी, फाइलच बॅकअप म्हणून कॉपी करत होती. मशीन सध्या कोणत्या फाइलीवर लिहीत आहे, हे डोमब्लकलिस्ट या आज्ञेने दिसते. बॅकअपनंतर तेथे मूळ फाइलीचे नाव दिसले नाही, तर स्क्रिप्टने थांबून कळवले पाहिजे. लिबव्हर्ट ६.० पासून, म्हणजे २०२० पासून, बॅकअप-बिगिन ही आज्ञा उपलब्ध आहे आणि तिच्यात ही साखळी मुळीच तयार होत नाही.

लॉग वाचताना सापडलेला दुसरा दोष

वेगाचा स्तंभ वाचत असताना त्याच्या वरच्या एका ओळीकडे लक्ष गेले : गेस्ट एजंट सेट केलेला आहे, पण चालू दिसत नाही, म्हणून फाइल-सिस्टीम गोठवण्याचा टप्पा वगळला आहे. ही ओळ प्रत्येक रात्रीच्या लॉगमध्ये होती आणि प्रत्येक रात्रीचा बॅकअप हिरव्या खुणेने ‘यशस्वी’ ठरत होता.

या टप्प्याचा अर्थ असा की बॅकअपचा क्षण धरण्याआधी होस्ट गेस्टच्या आतील एजंटला कळवतो, एजंट विंडोजच्या व्हीएसएस या, चालू फाइलींची स्थिर प्रत घेण्याच्या सोयीमार्फत डेटाबेसला हातातले लेखन पूर्ण करून क्षणभर थांबायला सांगतो, आणि क्षण धरला की सर्व पुन्हा मोकळे केले जाते. हा टप्पा वगळल्यास बॅकअप निरुपयोगी होत नाही. अचानक वीज गेल्यावर डिस्क जशी असते तशी ती बॅकअपमध्ये येते, आणि एसक्यूएल सर्व्हर त्यातून बहुतेक वेळा सावरतो. परंतु ‘बहुतेक वेळा’ या शब्दांवर कारखान्याचे हिशेब सोपवण्यास मी तयार नाही, आणि ज्या लेखा प्रणाली साध्या फाइलींत लिहितात त्यांच्याबाबत तर तेवढाही भरवसा नाही.

कारण साधे होते. विंडोजच्या सर्व्हिस यादीत एजंट होता, पण व्हर्टआयओ सीरियलचा ड्रायव्हर बसवलेला नव्हता, त्यामुळे त्याला होस्टशी बोलण्याचा मार्गच नव्हता. ड्रायव्हर बसवला आणि मशीन पूर्ण बंद करून पुन्हा चालू केले. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी : प्रॉक्समॉक्सच्या सेटिंगमध्ये एजंटचा पर्याय नव्याने चालू केला असेल, तर गेस्टच्या आतून रीस्टार्ट करून तो लागू होत नाही, कारण होस्टवरची केमूची प्रक्रिया तीच राहते, पूर्ण शटडाउन करूनच पुन्हा चालू करावे लागते.

गोठवण्याचा टप्पा खरोखर झाला याची साक्ष होस्टच्या लॉगवर न सोडता डेटाबेसकडूनच घ्यावी. एसक्यूएल सर्व्हरच्या लॉगमध्ये ३१९७ क्रमांकाची नोंद डेटाबेसचे लेखन गोठवल्याची आणि ३१९८ क्रमांकाची ते पुन्हा सुरू झाल्याची असते. आमच्याकडे आता या दोन नोंदींत एक ते दोन सेकंदांचे अंतर असते. व्हीएसएस हे थांबवणे सुमारे दहा सेकंदांपर्यंतच सहन करते. त्याहून वेळ लागू लागला की टप्पा फसतो, आणि तेव्हा विंडोजमध्ये व्हीएसएसच्या रायटरची, म्हणजे थांबण्याची सूचना पाळणाऱ्या घटकांची, यादी काढून कोणता रायटर चुकीच्या स्थितीत आहे ते पाहावे लागते. आणखी एक इशारा : ज्यांचे डेटाबेसचे स्वतःचे डिफरन्शियल बॅकअप (मागच्या पूर्ण बॅकअपनंतरचे बदल तेवढे घेणारे) वेगळे चालू आहेत, त्यांनी मशीनच्या बॅकअपमध्ये व्हीएसएस पूर्ण बॅकअप म्हणून नोंदला जातो की कॉपी म्हणून, हे तपासावे; पूर्ण म्हणून नोंदला गेल्यास डिफरन्शियलचा पाया त्याच्याकडे सरकतो आणि रिस्टोअरच्या दिवशी आपल्याजवळची फाइल जुळत नाही.

लिनक्स गेस्टमध्ये गोठवण्याचा टप्पा क्वचित उलटा त्रास देतो. एखादी फाइलच डिस्कसारखी लूप पद्धतीने माउंट केलेली असेल, तर खालची फाइल-सिस्टीम गोठल्यावर वरची तिच्यासाठी थांबते आणि मशीन खरोखर अडकते. अशा मशीनवर ती लूपची मांडणी काढावी, किंवा तेवढ्यापुरता हा टप्पा बंद ठेवावा.

रिस्टोअरची तपासणी आम्ही महिन्याच्या तिसऱ्या शनिवारी करतो. बॅकअप नव्या क्रमांकाच्या मशीनवर उतरवतो, ते चालू करण्यापूर्वी त्याचे नेटवर्क कार्ड तोडलेले आहे याची दोघेजण खात्री करतात (एरवी त्याच आयपीचे दुसरे ईआरपी उभे राहून ग्राहकांना ई-मेल पाठवू लागेल), मग चेकडीबी ही आज्ञा चालवून डेटाबेस तपासतो आणि शेवटच्या चलनाचा क्रमांक वहीत लिहितो. पहिल्या तपासणीला तीन तास दहा मिनिटे लागली. हा आकडा व्यवस्थापनाला आधीच सांगून ठेवला आहे, कारण खरी वेळ आली तर ‘किती वेळ लागेल’ या प्रश्नाचे उत्तर अंदाजाने द्यावे लागू नये.

६ ऑक्टोबर २०२४ हा बदलांनंतरचा पहिला ‘पहिला रविवार’ होता. त्या रात्री मी कारखान्यातच थांबलो. बॅकअप एक वाजता सुरू झाला, दोन वाजून चार मिनिटांनी ईआरपीचा भाग संपला, वेग एकदाही ६० च्या खाली आला नाही, आणि चाकणची गाडी अडीचला सुटली. सर्व्हर रॅकच्या दारावर रात्रपाळीसाठी एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर तीनच ओळी आहेत : मशीन अडकले तर ते बंद करू नये, टास्कच्या यादीत बॅकअप चालू दिसत असेल तर तो ‘स्टॉप’ करून दोन मिनिटे थांबावे, तरीही सुटले नाही तर शेजारच्या इमारतीत जाऊन स्टोरेज सर्व्हरचे दिवे पाहावेत आणि मग फोन करावा.